जुन्या मशीनवर लिनक्स टाकताना

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला आणि माझा फोन वाजायला लागला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासून बाजारात आलेला लागतो. चौथ्या-पाचव्या पिढीचा आय-फाइव्ह असलेलं, कालपर्यंत बिनतक्रार चाललेलं मशीन एका तारखेमुळे अडगळीत जावं, हे मला पटत नाही. शाळांच्या लॅब, दुकानं, छोटी ऑफिसं आणि शेजारपाजारची घरं यांतल्या जुन्या पीसींवर, आणि काही जुन्या सर्व्हरांवरही, मी बरीच वर्षं लिनक्स आणि बीएसडी चालवत आलो आहे. या कामात पडणाऱ्या पुढच्या माणसाचा वेळ वाचावा म्हणून त्यातलं जमेल तेवढं इथे मांडतो.

१. आधी माणसाचं काम विचारा

“सर, लिनक्स टाकून द्या, फुकट असतं म्हणे,” असं म्हणत कुणी सीपीयू उचलून आणला, की मी लगेच पेन ड्राइव्ह काढत नाही. या मशीनवर दिवसभर काय चालतं, ते आधी विचारतो. होलसेलवाल्या काकांचा सगळा धंदा टॅलीवर असतो आणि टॅली विंडोजसाठीच बनलेलं आहे. खटपट करून ते वाइनवर चालवताही येईल, पण ३१ मार्चच्या आठवड्यात हिशेब अडला तर काकांनी कुणाकडे बघायचं? तिथे मी विंडोजच राहू देतो. डिजिटल सहीचा टोकन, सेतू केंद्रातलं अंगठ्याचं यंत्र, एखाद्या पोर्टलसाठी लागणारं खास सॉफ्टवेअर, यांचंही बहुतेक वेळा तेच. हे सगळं विंडोज गृहीत धरूनच बांधलेलं असतं.

याउलट एखाद्या निवृत्त बाईंना पेपर वाचायचा असतो, मेल बघायची असते, नाट्यसंगीत ऐकायचं असतं, मराठीत चार पानं लिहायची असतात आणि पुण्याच्या नातवाशी व्हिडिओवर बोलायचं असतं. यातलं एकही काम लिनक्सवर अडत नाही. तरीसुद्धा आधी लाइव्ह पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करून मी त्यांना त्यावर तासभर बसवतो. डिस्कला हात न लावता आवाज, वायफाय, कॅमेरा आणि प्रिंटर तपासून होतात. बाईंचा हातही बसतो, आणि होय-नाही त्या स्वतः सांगतात.

२. कॅबिनेट उघडा

लिनक्स टाकल्यावर मशीन बंद पडतं, ही तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे, आणि बहुतेक वेळा दोष लोखंडात निघाला आहे. म्हणून सिस्टिमच्या आधी स्क्रू-ड्रायव्हर. ब्लोअरने धूळ काढायची. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते, ती पुसून नवी लावायची. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी पाय खोडरबराने हलके घासायचे. हा उपाय आपल्याकडच्या प्रत्येक रिपेअरवाल्याला ठाऊक आहे आणि तो खरोखर लागू पडतो, कारण पायांवर चढलेला थर निघतो. मग मदरबोर्डवरच्या कपॅसिटरांची डोकी बघायची. २००० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइट भरलेले कपॅसिटर जगभर विकले गेले. त्यांची डोकी फुगलेली किंवा चिकट दिसली, तर त्या बोर्डावर वेळ घालवू नये.

बॅटरीचं थोडं सविस्तर सांगायला हवं. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ची नाण्याएवढी बॅटरी संपली की मशीन प्रत्येक वेळी भलत्याच वर्षात जागं होतं. घड्याळ २००९ दाखवत असेल, तर ब्राउझरला आजच्या वेबसाइटचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही असं वाटतं आणि तो साइट उघडायला नकार देतो. डेबियनचा ॲप्टही पॅकेजांची यादी नाकारतो, तिची तारीख भविष्यातली दिसते म्हणून. वरवर बघणाऱ्याला वाटतं की इंटरनेट गेलं, नाहीतर लिनक्स बिघडलं. किरकोळ किमतीच्या त्या बॅटरीने हा सगळा घोळ मिटतो.

त्यानंतर रात्रभर मेमटेस्ट चालू ठेवायची. सकाळी एकही लाल ओळ नको. शेवटी डिस्क. स्मार्टमॉनटूल्सच्या अहवालात दोन आकडे बघायचे, रीॲलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर. पेंडिंग शून्याच्या वर असेल तर ती डिस्क मी नव्या सिस्टिमसाठी वापरत नाही. तिच्यातला डेटा डीडीरेस्क्यूने बाहेर काढतो आणि तिला निरोप देतो. लग्नाचे फोटो, सोसायटीची दप्तरं, मुलीचा प्रबंध, असं त्या डिस्कवर काय असेल ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून कॉपी हातात आल्याशिवाय फॉरमॅट मारायचं नाही. यात मी कधीच सूट देत नाही.

३. पैसे थोडेच असतील तर आधी एसएसडी

बाकी काही जमलं नाही तरी चालेल. जुन्या साटा-२ पोर्टवर एसएसडीला तिचा पूर्ण वेग मिळत नाही, तरीही फिरत्या डिस्कच्या तुलनेत मशीन ओळखू येत नाही. नंतर रॅम. आजच्या ब्राउझरला ४ जीबीत कसंबसं भागतं, ८ जीबीत निवांत. लॅपटॉपसाठी रॅम घेताना एवढं बघा की चौथ्या पिढीच्या इंटेलला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. साधी डीडीआर३ खाचेत नीट बसते, पण मशीन चालू होत नाही.

४. प्रोसेसरची पिढी वाचायला शिका

कुठली सिस्टिम चालेल याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. एलएससीपीयू ही आज्ञा दिली आणि फ्लॅगांच्या यादीत एलएम दिसलं, की प्रोसेसर ६४ बिटांचा. २००६ च्या कोअर टू ड्युओपासून पुढचे जवळपास सगळे पीसी यात बसतात. पण ६४ बिट म्हणजे सगळं चालेल असं नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ला एक्स८६-६४-व्ही२ दर्जाचा प्रोसेसर लागतो, म्हणजे इंटेलमध्ये २००८ च्या नेहलेमपासून पुढे. आवृत्ती १० ला तर व्ही३, म्हणजे २०१३ चा हॅसवेल किंवा त्यानंतरचा. कोअर टू ड्युओ या दोन्हींत बसत नाही. डेबियन मात्र अजून मूळ ६४ बिटांवर समाधानी आहे, आणि जुन्या मशीनसाठी माझा ओढा तिकडे असण्याचं हे एक मोठं कारण.

काही मशीन फसवी असतात. २०१३-१४ च्या सुमाराला आलेल्या बे ट्रेल ॲटमच्या अनेक स्वस्त लॅपटॉपमध्ये प्रोसेसर ६४ बिटांचा आणि यूईएफआय ३२ बिटांचं आहे. सुरुवातीच्या इंटेल मॅकमध्येही हाच प्रकार. नेहमीचा पेन ड्राइव्ह तिथे बूटच होत नाही आणि माणूस मशीन मेलं असं समजतो. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये या मिश्र प्रकाराची सोय आहे. पेंटियम-एमच्या काही चिपांचं आणखी वेगळं. त्यांना पीएई येतं, पण त्या तसं सांगत नाहीत. कर्नलला फोर्सपीएई हा पर्याय दिला की काम होतं.

निखळ ३२ बिटांच्या मशीनची वाट आता अरुंद होत चालली आहे. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटांच्या पीसीसाठी ना कर्नल आहे, ना इन्स्टॉलर. डेबियन १२ ची दीर्घ देखभाल जून २०२८ पर्यंत आहे. तिच्यावर आधारलेलं अँटिएक्स २३ अजून ३२ बिटांत मिळतं. त्यापलीकडे ओपनबीएसडी आणि नेटबीएसडी आहेत. मार्च २०२४ मध्ये आलेलं नेटबीएसडी १० तर ४८६ वरही चालतं. शिवाय १९ जानेवारी २०३८ ही तारीख डोळ्यांपुढे ठेवावी लागते. त्या दिवशी ३२ बिटांत सेकंद मोजणारं घड्याळ भरून ओसंडेल. डेबियनने १३ मध्ये ३२ बिटांच्या एआरएमसाठी वेळ ६४ बिटांत नेली, पण जुन्या पीसीच्या आय३८६ ला मुद्दाम वगळलं, कारण तिथली जुनी तयार सॉफ्टवेअरं त्याने मोडली असती.

५. पाच वर्षं सांभाळता येईल तीच डिस्ट्रो निवडा

पपी लिनक्स पेन ड्राइव्हवरून रॅममध्ये उतरतं आणि जुनं मशीन पळायला लागतं, ते बघून कुणालाही आनंद होईल. टायनी कोअर तर आणखी आटोपशीर. दोन्ही मला आवडतात, दुरुस्तीच्या झोळीत दोन्ही असतात. पण शाळेत किंवा ऑफिसात मी डेबियन स्टेबल आणि त्यावर एक्सएफसीई टाकतो. कारण साधं आहे. मी आठवड्यातून एकदाही तिथे जाणार नसतो. डेबियनची प्रत्येक आवृत्ती साधारण तीन वर्षं आणि वर दोन वर्षं दीर्घ देखभाल अशी सांभाळली जाते. पडदा दोन वर्षांनीही तसाच दिसतो, मेनू तिथेच असतो, आणि ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ चालू केलं की सुरक्षेच्या दुरुस्त्या कुणी बटण न दाबता उतरतात. घरच्या माणसासाठी लिनक्स मिंटही उत्तम. तरुण मुलं दर महिन्याला नवी डिस्ट्रो टाकून बघतात, त्यांनी ते जरूर करावं, शिकायला मिळतं. मात्र ते प्रयोग स्वतःच्या मशीनवर करावेत, मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या मशीनवर नव्हे.

६. खरं ओझं ब्राउझरचं

मशीन हलकं हवं म्हणून लोक डेस्कटॉपवरून वाद घालतात. एलएक्सक्यूटी घ्या, आइसडब्ल्यूएम घ्या, काही शेकडा एमबी वाचतील. ब्राउझरच्या तीन टॅब उघडल्या की ती बचत संपते. म्हणून मी आधी ब्राउझरकडे बघतो. जाहिराती रोखणारं यूब्लॉक ओरिजिन टाकल्यावर जुन्या प्रोसेसरवरचा भार किती उतरतो, ते डोळ्यांनी दिसतं. झेडरॅम चालू करायचं. त्याने रॅममधलीच पानं दाबून ठेवली जातात आणि डिस्कवरचं स्वॅप टळतं.

व्हिडिओ अडखळत असेल तर कारण बहुधा कोडेकचं असतं. यूट्यूब शक्यतो व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवतं. २०११ च्या सँडी ब्रिजमधल्या ग्राफिक्सला एच.२६४ हार्डवेअरमध्ये उलगडता येतं, व्हीपी९ येत नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखा ओरडायला लागतो. एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन यूट्यूबकडून एच.२६४ च मागून घेतं. ७२०पी वर समाधान मानलं, तर त्या मशीनवर अख्खं नाटक सुरळीत बघता येतं.

एसएसई२ नसलेल्या पेंटियम थ्री किंवा ॲथलॉन एक्सपीवर आजचा ब्राउझर चालणारच नाही. तिथे आशा लावून बसू नये.

७. मराठी पहिल्याच दिवशी बसवा

डेस्कटॉप देखणा झाला, इंटरनेट चाललं, आणि मराठी टाइप होत नाही म्हणून मशीन पुन्हा कोपऱ्यात गेलं, असं मी पाहिलं आहे. इन्स्टॉल झाल्या झाल्या लोहित आणि नोटोचे देवनागरी फाँट टाकायचे. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडायचा. रोमनवरून मराठी लिहायची सवय असलेल्यांसाठी आयबसमध्ये एम१७एनचा फोनेटिक लेआउट द्यायचा. लिबरऑफिसमध्ये मराठी शुद्धलेखन तपासणी बसवायची. मग त्यांच्याच लेटरहेडवर एक पत्र टाइप करून छापून बघायचं.

अवघड जातात त्या जुन्या फायली. ग्रामपंचायत, छापखाना, शिक्षणसंस्था, कुठेही जा, पंधरा-वीस वर्षांचा पत्रव्यवहार श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतो. फाँट नसेल तर फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो आणि क्लार्कबाई घाबरतात, सगळं गेलं म्हणून. काही गेलेलं नसतं. मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मिळतात, पण त्यातून येणारी जोडाक्षरं आणि रफार एकदा माणसाने नजरेखालून घालायलाच हवेत. हे काम वेळखाऊ आहे. ते आधी सांगावं, आणि महत्त्वाच्या कागदांपासून सुरुवात करावी. एकदा ते दप्तर युनिकोडमध्ये आलं की ते शोधता येतं, आणि पुढच्या कुठल्याही मशीनवर वाचता येतं. माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपातली ही सगळ्यात टिकाऊ कमाई आहे.

८. सर्व्हर स्वस्तात मिळतो, वीज मिळत नाही

कंपन्यांनी काढून टाकलेले रॅक सर्व्हर लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात कौतुक वाटावं अशा भावात दिसतात. घेण्याआधी हिशेब करा. नुसता बसून २०० वॉट खाणारा सर्व्हर चोवीस तास चालला तर महिन्याला १४४ युनिट होतात. १५ वॉटचा जुना लॅपटॉप तेच फाइल-शेअरिंग ११ युनिटांत करतो. त्याची बॅटरी धड असेल तर तो लोडशेडिंगमध्येही तग धरतो. तीन-चार माणसांच्या ऑफिससाठी मी डोळे झाकून लॅपटॉप सुचवतो, आणि बॅकअपला एक वेगळी डिस्क.

सर्व्हर घ्यावा तो डिस्कांच्या खणांसाठी आणि ईसीसी रॅमसाठी. ती रॅम बहुधा रजिस्टर्ड असते, डेस्कटॉपला चालत नाही, तेव्हा तिथून काढून इथे घालू असा बेत करू नये. रेड कंट्रोलर नीट बघावा. पॉवरएजमधली पर्क ६ कार्डं २ टीबीपेक्षा मोठी डिस्क पूर्ण ओळखत नाहीत, आणि डिस्क जशीच्या तशी सिस्टिमच्या हाती देतही नाहीत. फ्रीबीएसडीवर झेडएफएस चालवायचं असेल तर त्याला डिस्क थेट दिसायला हव्यात. अशा वेळी एसएएस२००८ चिपचं साधं एचबीए कार्ड आयटी मोडमध्ये घालतो. कार्डाचा ड्रायव्हर शिल्लक आहे का, हेही आधी पाहावं. रेड हॅटने आवृत्ती ८ मध्ये बऱ्याच जुन्या कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकले, पण त्यांतल्या अनेकांवर डेबियन सहज चढतं.

दुरून सर्व्हर चालू-बंद करण्याचं जे पोर्ट असतं, त्याच्या फर्मवेअरला बऱ्याच वर्षांत दुरुस्ती मिळालेली नसते. ते इंटरनेटला उघडं ठेवू नये. त्याची वायर वेगळ्या स्विचला लावावी, नाहीतर काढून ठेवावी.

९. शाळेची लॅब म्हणजे मशीन नव्हे, मास्तर

देणगीतून आलेली मशीन एका जातीची नसतात. त्यांतून सारखी दिसणारी निवडून एकावर सगळं नीट बसवायचं आणि क्लोनझिलाने त्याची प्रत बाकीच्यांवर उतरवायची. डिस्का खराब असतील तर एलटीएसपी. सर्व्हरवर एकच प्रतिमा ठेवायची, मुलांची मशीन नेटवर्कवरून बूट होतात आणि त्यांत डिस्क असायचीही गरज उरत नाही. गिगाबिट स्विच मात्र हवा. हा सर्व्हर शाळेच्या वेळेतच चालवायचा, त्यामुळे विजेचा प्रश्नही आटोक्यात राहतो.

गावात इंटरनेट बेताचं असतं. ॲप्ट-कॅशर-एनजी एका मशीनवर बसवलं की अपडेट एकदाच उतरतात आणि बाकीची मशीन तिथून घेतात. किविक्सवर मराठी विकिपीडिया अख्खाच्या अख्खा लॅबमध्ये ठेवता येतो. बाहेरची लाइन गेली तरी मुलं वाचत राहतात. एका शाळेत सातवीतल्या मुलीने त्यात आपल्या तालुक्याचा लेख काढला आणि “सर, यात आमच्या किल्ल्याचं काहीच नाही, मी लिहू का?” असं विचारलं. मला त्या दिवशी या कामाचं चीज झाल्यासारखं वाटलं.

हे सगळं उभं करून मी निघून आलो तर वर्षभरात लॅबला कुलूप लागतं. म्हणून सुरुवातीलाच शाळेतला एक शिक्षक बरोबर घेतो. इन्स्टॉल तेच करतात, मी बाजूला उभा असतो. पासवर्ड त्यांच्या वहीत असतो. केरळने सरकारी शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर रुजवलं तेही शिक्षकांना आधी तयार करून, आणि आपल्याकडे अनुकरण करायचं असेल तर ते त्याचं करावं.

१०. जुन्या प्रोसेसरच्या भेगा लक्षात ठेवा

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर उघड झाले. कर्नलमधल्या त्यांवरच्या उपायांनी जुन्या प्रोसेसरचा वेग काहीसा कमी होतो, आणि ते उपाय एका पर्यायाने बंद करायचा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या मशीनवर ब्राउझर चालतो आणि बँकेचं काम होतं, तिथे मी ते बंद करत नाही. इंटेलने कोअर टूच्या काळातल्या चिपांना यासाठी मायक्रोकोड दिलाच नाही, त्यामुळे तिथे कर्नलवरच भिस्त आहे. पैशांचे व्यवहार शक्यतो त्याहून नव्या मशीनवर करावेत.

११. काही मशीन सोडून द्यावीत

पेंटियम फोरच्या काही चिपांचं नुसतं टीडीपी ११५ वॉट आहे. त्याच्या कितीतरी पट काम टाकाऊ म्हणून आलेला पाच-सहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप फार कमी विजेत करतो. असं मशीन आलं की चांगली एसएमपीएस, केबली, पंखे काढून ठेवतो, डिस्क एनवाइपने पूर्ण पुसतो आणि उरलेलं नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडे देतो. १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. भंगारात गेलेल्या बोर्डांतलं तांबं-सोनं काढायला कुठेतरी कुणीतरी उघड्यावर ॲसिड वापरतं, त्याच्या फुफ्फुसांची काळजी आपणही घ्यायला हवी.

१२. चाललं तरी कळवा, नाही चाललं तरी कळवा

कर्नलने ३८६ चा पाठिंबा डिसेंबर २०१२ मध्ये काढला. इटॅनियम सर्व्हरांचा कोड जानेवारी २०२४ च्या ६.७ मध्ये गेला, कारण तो सांभाळायला कुणी उरलं नव्हतं. कुणी वापरतंय हे दिसत नसेल तर जुना ड्रायव्हर आज ना उद्या काढला जातो. आपल्याकडे इतकी जुनी मशीन रोज चालतात, पण त्यांची खबर कर्नल सांभाळणाऱ्यांपर्यंत फारशी पोहोचत नाही. म्हणून मशीन बसवून झालं की मी एचडब्ल्यू-प्रोब चालवून त्याची माहिती लिनक्स-हार्डवेअरच्या साठ्यात जाऊ देतो. काही अडलं तर डेबियनच्या रिपोर्टबगमधून बग नोंदवतो. त्यात मशीनचं मॉडेल, बायोसची तारीख, कर्नलची आवृत्ती, डीमेसेजची पूर्ण नोंद आणि आधीच्या कोणत्या आवृत्तीवर तेच काम नीट चालत होतं एवढं लिहिलं, तर पलीकडच्या माणसाला दोष शोधायला खरा आधार मिळतो. इंग्रजी साधं-मोडकं असलं तरी चालतं. उत्तर आलं आणि त्याने पॅच तपासून बघायला सांगितलं, तर ते काम त्याच आठवड्यात करायचं.